एका पगारपत्रकाच्या सात प्रती: संस्थेचा डेटा फुटतो कसा आणि हरवतो कसा

भोसरी एमआयडीसीतला पन्नास-साठ माणसांचा एखादा कारखाना घ्या. महिनाअखेर आहे. ऑफिसातल्या मॅडमनी एक्सेलमध्ये पगाराची शीट तयार केली: प्रत्येकाचं नाव, बँकेचा खाते क्रमांक, पॅन, आधार, पीएफचा यूएएन आणि शेवटच्या रकान्यात कुणाची किती उचल कापायची ते. फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर सेव्ह झाली, ही पहिली प्रत. मग ती साहेबांना मेल केली. साहेब चाकणला कस्टमरकडे बसलेले, त्यांना मोबाइलवर अटॅचमेंट उघडेना. "मॅडम, व्हॉट्सॲप करून टाका ना." टाकली. पीएफ आणि टीडीएससाठी टिळक रोडवरच्या सीएंना पाठवली, तिथे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलानं ती आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. कॉम्प्युटर अधूनमधून हँग होतो म्हणून एक कॉपी पेन ड्राइव्हवर. बँकेच्या पोर्टलला वेगळा फॉरमॅट लागतो म्हणून डेस्कटॉपवर आणखी एक फाइल. आणि शेवटी ऑफिसचा प्रिंटर रुसला, तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या जीमेलवर पाठवून प्रिंट काढली.

झाल्या सात. अर्ध्या दिवसात.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर कधी उघडं दिसलं तर जरा नजर टाका. आधार फ्रंट, आधार बॅक, रेंट ॲग्रीमेंट फायनल, रेंट ॲग्रीमेंट फायनल नवीन, कुणाचा एमआरआय रिपोर्ट, कुणाचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. एकाखाली एक, महिनोन्महिने साठलेलं. दुकानदार पुसत नाही, कारण "परत कॉपी लागली तर?" असं गिऱ्हाईकच विचारतं. आपल्या साठ माणसांची पगाराची शीट त्याच रांगेत जाऊन बसली.

या सगळ्यात कुणी हॅकर आलेला नाही, कुणाच्या मनात काही वाईट नाही, प्रत्येकानं आपलं काम उरकलंय. तरीही त्या फाइलवर आता कारखान्याचा ताबा राहिलेला नाही.

डेटाच्या सुरक्षेबद्दल बोलताना बहुतेक जण दोन वेगळ्या भानगडी एकाच पोत्यात भरतात. एक म्हणजे डेटा फुटणं, नको त्याच्या हाती जाणं. दुसरी म्हणजे डेटा हरवणं, हव्या त्याच्या हाती न उरणं. या दोघींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं ओढतात. फुटू नये म्हणून प्रती कमी हव्यात, हरवू नये म्हणून जास्त हव्यात. प्रत किती, कुठे, कुणाच्या हातात आणि किती दिवस, याचा मेळ घालणं हेच या विषयातलं खरं काम. फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी), अँटिव्हायरस, क्लाउड वगैरे मंडळी त्यानंतर येतात. विकणारे मात्र सुरुवातच तिथून करतात.

आधी यादी

कुठल्याही संस्थेतला सगळा डेटा सारखा मोलाचा नसतो. कँटीनचा मेन्यू फुटला तर फुटू दे. पण त्या कारखान्यात गाड्यांच्या कंपनीनं गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन दिलेलं नव्या पार्टचं ड्रॉइंग असेल, तर ते बाहेर गेल्यावर वेंडर कोडच, म्हणजे त्या कंपनीला माल पुरवायची मान्यताच, जाऊ शकतो. पॅथॉलॉजी लॅबसाठी रिपोर्ट, पतसंस्थेसाठी ठेवीदारांची खाती, क्लासवाल्यांसाठी मुलांच्या पालकांचे नंबर (हे बाजारात विकले जातात, आणि ॲडमिशनच्या दिवसांत फोन कुठून येतात हे पालकांना बरोबर कळतं), हाउसिंग सोसायटीसाठी भाडेकरूंचे करार. प्रत्येकाचं नाजूक दुखणं वेगळं.

म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं. आपल्याकडे काय काय आहे, ते कुठे आहे, कोण बघू शकतं, कधीपर्यंत ठेवायचं. चार रकाने. एक दुपार पुरते. या यादीत हमखास दोन गोष्टी बाहेर येतात. पहिली, जिथे आहे असं साहेबांना वाटतं तिथे ती फाइल नसतेच. दुसरी, निम्मा डेटा ठेवायची गरजच नव्हती. आठ वर्षांपूर्वी मुलाखतीला येऊन गेलेल्यांचे बायोडाटा, सोडून गेलेल्या सिक्युरिटी गार्डच्या आधारच्या झेरॉक्स. जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून फुटू शकत नाही. पुसून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि त्याचं कमिशन कुणालाच मिळत नाही, म्हणून तो कुणी सुचवत नाही. आधारचंच उदाहरण घ्या: नुसती ओळख पटवायची असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून काढता येतं. तरीही सोसायटीच्या गेटपासून लॉजच्या काउंटरपर्यंत पूर्ण नंबरची कॉपी गोळा होत राहते.

दार कुठून उघडं राहतं

आता चोर येतो कसा ते बघू. सिनेमात दाखवतात तसा हिरव्या अक्षरांचा पाऊस वगैरे काही नसतो. छोट्या-मध्यम संस्थांत सर्रास दिसणारा एक रस्ता जरा जवळून पाहण्यासारखा आहे.

लॉकडाउनमध्ये अकाउंटंट धनकवडीत घरी अडकला आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, टॅली, भोसरीच्या ऑफिसात. हार्डवेअरवाल्यानं फोनवरच तोड काढली: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप (लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय) चालू केलं आणि राउटरमध्ये त्यासाठीचं ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, बाहेरच्या जगाला उघडून दिलं. आता घरून टॅली दिसतं, सगळे खूश. लॉकडाउन संपलं, पोर्ट तसंच राहिलं. इंटरनेटवर दिवसरात्र अशी उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना भोसरी माहीत नसते, कारखाना माहीत नसतो. ते फक्त प्रत्येक पत्त्यावर जाऊन हँडल फिरवून बघतात.

अशा कॉम्प्युटरवर विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीचा लॉग, म्हणजे नोंदवही, पाहिली की ४६२५ या नंबरच्या ओळी दिसतात. ४६२५ म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न. खात्याचं नाव बघा: administrator नावाचं खातं विंडोज स्वतःच देतं, तिथून सुरुवात; मग ॲडमिन, यूजर, अकाउंट्स, स्कॅन, टॅली. दर काही सेकंदांनी एक ओळ, पानंच्या पानं. कुणी माणूस बसून टाइप करत नाहीये, यादीतले पासवर्ड एकेक करून लावले जातायत. आणि मग पहाटे कधीतरी एकच ओळ ४६२४ ची. म्हणजे लॉगिन झालं. खात्याचं नाव टॅली, आणि पासवर्ड बहुधा त्याच नावाला ॲट १२३ लावून झालेला.

आत आलेला लगेच काही करत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो हिंडतो. कुठली फोल्डरं शेअर आहेत, बॅकअप कुठे जातो, महत्त्वाचे पासवर्ड कुठे लिहून ठेवलेत हे पाहतो. मोलाच्या फाइलींची एक प्रत बाहेर पाठवतो. विंडोज आपण होऊन ठेवतं त्या जुन्या आवृत्त्या पुसतो, हाती लागलेला बॅकअप पुसतो. भोसरीत गुरुवारची सुट्टी, म्हणून बुधवारी रात्री सगळ्या फाइली कुलूपबंद करतो. शुक्रवारी सकाळी कामगार आले की स्क्रीनवर चिठ्ठी: अमुक क्रिप्टोकरन्सी द्या, नाहीतर फाइली परत नाहीत, आणि वर, बाहेर नेलेला माल आम्ही जगजाहीर करू.

खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या या प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात, आणि त्यात डेटा एकाच वेळी हरवलाही आणि फुटलाही. चांगला बॅकअप असेल तर पहिल्या धमकीतून सुटका होते, दुसरीतून नाही. बॅकअप आहे ना, मग काय घाबरायचं, असं म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं.

उपाय अवघड नाहीत. ते पोर्ट बंद करायचं, घरून काम लागतच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी, कुलूपबंद वाटेनं यायचं, पासवर्डशिवाय दुसरी ओळख लागेल असं करायचं, आणि पाच-दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ लॉक होईल अशी सेटिंग ठेवायची. दुसऱ्या ओळखीसाठी एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, मोबाइलमधलं ऑथेंटिकेटर ॲप त्याहून बरं, आणि सगळ्यात पक्की म्हणजे यूएसबीला लावायची छोटी सुरक्षा-किल्ली, कारण ती खोट्या वेबसाइटला उत्तरच देत नाही. सगळ्यांना घेऊन देणं परवडत नसेल तर निदान मालक, अकाउंट्स आणि सिस्टिम सांभाळणारा एवढ्या तिघांना तरी द्यावी.

दुसरा रस्ता मेलचा. "बँक डिटेल्स बदललेत, यापुढे या खात्यात पैसे टाका" असा नेहमीच्या सप्लायरच्या नावानं आलेला मेल. त्यावर एकच तोड: त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं.

घरचे भेदी आणि घर सोडून गेलेले

पुण्याच्या बीपीओ धंद्याला २००५ साली एक मोठा धक्का बसला होता. इथल्या एका कॉल सेंटरमधून अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या ग्राहकांना सेवा दिली जायची. तिथे काम केलेल्या काही जणांनी ग्राहकांकडून बोलता बोलता पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांकडे वळवली. त्यात कुठली यंत्रणा फोडावी लागली नाही. माहिती माणसाच्या कानावर पडली आणि त्याच्या डोक्यातून बाहेर गेली. डोक्यावर फायरवॉल बसत नाही.

म्हणून इथला नियम असा की ज्याला कामासाठी जेवढं लागतं तेवढंच दिसावं. स्टोअर्सच्या माणसाला स्टॉक दिसावा, पगार नाही. कॉल घेणाऱ्याला खात्याचे शेवटचे चार आकडे दिसावेत, पूर्ण नंबर नाही. आणि पैसे पाठवण्यासारखं काम असेल तर टाकणारा एक, मंजूर करणारा दुसरा. बँकांत हे मेकर-चेकर नावानं मुरलेलं आहे. लहान ऑफिसात मात्र दोघांचे पासवर्ड एकाच माणसाकडे असतात, कारण साहेब बाहेरगावी असतात. तसं असेल तर मेकर-चेकर फक्त कागदावर आहे.

हे राबवताना सगळ्यात अवघड जातं ते वरच्यांना. कामगाराची यूएसबी बंद करणं सोपं, पण डायरेक्टरच्या पुतण्याला ॲडमिनचा पासवर्ड कशाला हवा, हे विचारायचं कुणी?

सोडून गेलेल्यांचा प्रश्न त्याहून दुर्लक्षित. माणूस गेला की एचआर ओळखपत्र आणि लॅपटॉप परत घेतं. त्याचा मेल चालू राहतो, कारण त्यावर कस्टमरचे मेल येतात. तो डिस्पॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये राहतो, कारण काढलं तर वाईट दिसतं. आणि त्यानं पूर्वी गूगल ड्राइव्हवरची शीट "लिंक असलेल्या कुणालाही" अशा सेटिंगनं शेअर केलेली असते, ती तर त्याचं खातं बंद करूनही उघडीच. हे सेटिंग म्हणजे बिनदाराची खोली. जी शीट अशी शेअर आहे ती आपल्या चार रकान्यांच्या यादीत लाल शाईनं लिहावी.

बाहेरच्या मंडळींचंही तेच. सॉफ्टवेअरचा सपोर्टवाला एनीडेस्क या लांबून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून येतो, काम करतो, आणि दर वेळी परवानगी मागायचा कंटाळा नको म्हणून कायमचा पासवर्ड टाकून ठेवतो. त्याच्याकडे तुमच्यासारखी दीडशे गिऱ्हाइकं. त्याचा लॅपटॉप फुटला की दीडशे दारं उघडली.

एन्क्रिप्शन काय करतं, काय नाही

एन्क्रिप्शनबद्दल बराच गैरसमज आहे. "आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे" हे वाक्य टेंडरमध्ये आणि माहितीपत्रकांत सढळ हातानं वापरलं जातं. तर ते नेमकं काय असतं? एका किल्लीच्या मदतीनं मजकुराची अशी उलथापालथ करायची की किल्लीशिवाय तो नुसता कचरा दिसावा. आज सर्वत्र वापरात असलेली एईएस ही पद्धत २५६ बिटांच्या किल्लीनं वापरली तर एकेक किल्ली लावून बघत ती फोडणं आजच्या कॉम्प्युटरांच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून चोर गणिताच्या वाटेला जात नाही, तो किल्ली शोधतो. आणि किल्ली बहुतेकदा त्याच सर्व्हरवर, शेजारच्याच फोल्डरात असते. दाराला भारी कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तो शिवनेरी बसमध्ये विसरला, तर ज्याला सापडला त्याला काही वाचता येणार नाही. उत्तम. फिरतीच्या प्रत्येक लॅपटॉपवर हे केलंच पाहिजे; विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्याची सोय बिटलॉकर नावानं आधीच असते, फक्त चालू करायची आणि रिकव्हरी किल्ली दुसरीकडे जपून ठेवायची. पण लॅपटॉप चालू आहे, तुम्ही लॉगिन आहात आणि मेलमधल्या फाइलीतून आलेला प्रोग्राम तुमच्याच नावानं फाइली वाचतोय, तेव्हा डिस्कचं एन्क्रिप्शन त्याला अडवत नाही. मशीनच्या दृष्टीनं ते तुम्हीच असता.

याच्या पुढची पायरी म्हणून डीएलपी नावाची सॉफ्टवेअरं मिळतात. बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये पॅनसारखा किंवा कार्ड नंबरसारखा मजकूर दिसला, किंवा कुणी ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर टाकायला लागलं की ती अडवतात किंवा नोंद करतात. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांत, जिथे परदेशी ग्राहकांचा डेटा हाताळला जातो, तिथे ती लागतातच. साठ माणसांच्या कारखान्यानं मात्र आधी यादी, परवानग्या आणि बॅकअप हे तीन नीट करावं. नाहीतर डीएलपी प्रामाणिक माणसाचा मेल अडवत बसते आणि ज्याला न्यायचंय तो मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढून नेतो.

गणेशखिंड रोडवरचा धडा

पुण्यात सायबर हल्ला म्हटलं की अजूनही लोक कॉसमॉस बँकेचं नाव काढतात, आणि ते प्रकरण समजून घेण्यासारखं आहेच. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून खोट्या, म्हणजे क्लोन केलेल्या कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातही अडीच कोटींच्या आसपास गेले, त्यातले काही कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगमधल्या एका खात्यावर गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

हे झालं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र आपल्या मनानं पैसे देत नाही. विनंती कार्डाच्या नेटवर्कमधून बँकेच्या एटीएम स्विचपर्यंत येते. स्विच मुख्य बँकिंग प्रणालीला विचारतो: खातं आहे का, शिल्लक आहे का? तिनं हो म्हटलं की स्विच होकार परत पाठवतो. हल्लेखोरांनी मालवेअरच्या, म्हणजे घातक प्रोग्रामच्या, मदतीनं मधे आपलाच एक खोटा स्विच उभा केला. बाहेरून येणाऱ्या विनंत्या त्याच्याकडे वळल्या, आणि तो मुख्य प्रणालीला काहीही न विचारता प्रत्येकाला "द्या पैसे" म्हणत राहिला. जिला हे विचारायला हवं होतं त्या प्रणालीला पत्ताच नव्हता.

गंमत अशी की मूळ खात्यांचा डेटा जागेवर होता. तो हरवला नव्हता, बॅकअपची गरजच पडली नाही. बिघडला होता तो विश्वास: आलेलं उत्तर खऱ्या जागेवरून आलंय का, हे तपासणं. डेटा बदलला जाऊ नये, खोटा खऱ्याच्या जागी खपू नये, ही फुटणं आणि हरवणं यांच्या शेजारची तिसरी बाजू. यावर उपाय म्हणजे महत्त्वाच्या यंत्रणा वेगळ्या नेटवर्कात ठेवणं, म्हणजे रिसेप्शनवरच्या पीसीतून स्विचपर्यंत चालत जाता येऊ नये. दोन टोकांचे आकडे सतत ताडून पाहणं. आणि सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी अलार्मकडे बघत असणं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या खटल्यात अकरा जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली.

बॅकअप: आहे म्हणणं आणि असणं

आता हरवण्याकडे. बॅकअपचा जुना, टिकलेला नियम ३-२-१. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागी का, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं ते जुन्या लोकांना आठवतं, पण नव्यांनी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पाहिली आहे. आंबील ओढा सोसायट्यांमध्ये शिरला तेव्हा तळमजला आणि पार्किंग आधी बुडालं. सर्व्हर तळमजल्याला आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पाण्याच्या हिशेबानं ती एकच प्रत.

रॅन्समवेअरनं या नियमाला एक पुस्ती जोडली: एक प्रत तरी अशी हवी की जी नेटवर्कवरून पुसताच येणार नाही. नाहीतर सर्व्हरला झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद होतो. कॉपी झाली की केबल काढून कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क याला चालते. क्लाउडवर ठराविक दिवस कुणालाही, अगदी ॲडमिनलाही, पुसता येणार नाही असं लॉक लावायची सोय मिळते, तीही चालते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक म्हणजे मात्र बॅकअप नव्हे. इथे फाइल बिघडली की बिघडलेली फाइल तत्परतेनं तिकडेही जाते. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण ठराविक मुदतीपर्यंतच.

आणि बॅकअप चालतो की नाही? गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा किस्सा इथे सांगायलाच हवा, कारण त्यांनी स्वतः तो तपशीलवार जाहीर केला. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर दुय्यम डेटाबेसवरचं फोल्डर पुसायला गेला आणि कमांड चुकून मुख्य डेटाबेसवर दिली. एक-दोन सेकंदांत ध्यानात आलं, थांबवलं. तोवर ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. हरकत नाही, बॅकअप आहे! क्लाउडवरचं बॅकअपचं फोल्डर उघडलं, ते रिकामं. रोज चालणारा बॅकअप डेटाबेसशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रामनं घेतला जात होता आणि मुकाट्यानं फसत होता. फसला की मेल जायची सोय होती, पण मेलच्या पडताळणीत अडकून ते मेल पोहोचतच नव्हते. शेवटी कामी आली ती एका इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी चाचणीसाठी म्हणून हातानं घेतलेली एक प्रत. सहा तासांचा डेटा गेला.

मेल आला नाही म्हणजे बॅकअप झाला असं धरून चालायचं नाही. महिन्यातून एकदा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, बॅकअपमधून टॅलीचा डेटा उघडून गेल्या आठवड्यातलं एखादं व्हाउचर दिसतंय का ते बघायचं. पाऊण तासाचं काम आहे. हे करताना घड्याळही लावावं, कारण मालकाला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. किती वेळाचं काम पुन्हा करायची आपली तयारी आहे? आणि किती वेळ धंदा बंद ठेवणं परवडेल? पहिल्यावरून बॅकअप दर किती तासांनी घ्यायचा ते ठरतं, दुसऱ्यावरून तो किती वेगात परत लावता आला पाहिजे ते. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा हल्ला झाला. हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून त्यांना रुग्णांचा डेटा मिळाला, तरीही सगळं रुळावर यायला साधारण दोन आठवडे लागले. तोवर नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत कारभार कागदावर.

कायदा आणि पहिले काही तास

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. डेटा फुटल्यास ज्यांचा तो आहे त्या माणसांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावं लागेल, मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांच्या आत. नियमांमध्ये एन्क्रिप्शन किंवा मास्किंग, परवानग्यांवर ताबा, वर्षभराचे लॉग, बॅकअप आणि ज्यांच्याकडे डेटा हाताळायला देतो त्यांच्याशी करारात सुरक्षेची अट, असं सगळं आलंय. म्हणजे टिळक रोडचे सीए आणि एनीडेस्कवाला, दोघांशी आता कागद करावा लागणार. याशिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच: ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आणि लॉग १८० दिवस जपायचे.

सहा तास हा फार थोडा वेळ आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी एका चुकीच्या कामात जातो. हार्डवेअरवाला येतो आणि "फॉरमॅट मारून देतो" म्हणतो. मारू देऊ नका. फॉरमॅटबरोबर ४६२४ ची ती ओळही जाते, आणि चोर कुठून आला हे कधीच कळत नाही. महिन्याभरात तो त्याच वाटेनं परत येतो. आधी नेटवर्कची केबल काढायची, वायफाय बंद करायचं, पण मशीन शक्यतो चालू ठेवायचं, कारण मेमरीत पुरावा असतो. स्क्रीनचा फोटो घ्यायचा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन, कारण पुढच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत ती गोठवता आली तरच काही हाती लागतं. खंडणी द्यायची का, हा निर्णय शुक्रवारी सकाळी घाबरलेल्या अवस्थेत घ्यायचा नसतो; दिली तरी फाइली परत मिळतीलच असं नाही, आणि बाहेर गेलेली प्रत पुसली गेली हे पडताळायचा कुठलाही मार्ग नाही.

हे सगळे फोन नंबर, विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक, इंटरनेट देणाऱ्याचा नंबर आणि कुणी कुणाला फोन करायचा ते एका कागदावर छापून अकाउंट्सच्या टेबलाशेजारी भिंतीवर लावा. त्या दिवशी कॉन्टॅक्टची शीट कुलूपबंद कॉम्प्युटरमध्येच असते.